साडेतीन हजारांची बॉक्सएन : स्वस्त मालवाघिणींचे मोजमाप

भारतीय मालगाडीच्या वाघिणींची मॉडेल एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, आता देशातच तयार होऊ लागली आहेत. ज्याच्या घरासमोरून दिवा-पनवेल मार्गावरचे रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या माला, ये-जा करतात, त्याला अमेरिकन किंवा जर्मन मालडब्यांपेक्षा आपली उघडी बॉक्सएन आणि आपली बंद बीसीएन हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की साडेतीन हजार रुपयांत मिळते ती खरोखर बॉक्सएन असते, की बॉक्सएनच्या रंगाची नुसती पेटी असते. मागणीनुसार थ्रीडी छपाई करून देणाऱ्या एका लहान निर्मात्याकडून मी बॉक्सएन, बीसीएन, टाकीची बीटीपीएन आणि चारचाकी ब्रेक व्हॅन (गार्डचा डबा) अशा चार प्रकारच्या वाघिणी मागवल्या, त्यांचे हे परीक्षण आहे. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी कामे घरच्या घरी, एखाद-दुसऱ्या यंत्रावर चालतात आणि नाव गाळल्याने वाचकाचे काही अडत नाही, कारण पुढे दिलेल्या कसोट्या कोणत्याही निर्मात्याच्या मालाला लावता येतात.

स्वस्त मॉडेलमध्ये काय काय नाही याची यादी कोणीही करू शकेल. या किमतीत शिडीची प्रत्येक पायरी वेगळ्या तारेची नसणार, ब्रेकच्या नळ्या वेगळ्या जोडलेल्या नसणार, हे गृहीतच धरले पाहिजे. परंतु जे दाखवले आहे ते चुकीचे दाखवण्याची मुभा कमी किमतीमुळे मिळत नाही. म्हणून मी दोषांची प्रतवारी त्यांच्या दुरुस्तीवरून करतो. लांबी, रुंदी, दोन बोगींमधले (वाघिणीखालच्या चाकांच्या गाड्यांमधले) अंतर यांत चूक असेल तर तिला इलाज नाही. चाके चुकीची असतील तर ती पैसे खर्चून बदलता येतात. दांडे, शिड्या, साखळ्या नसतील तर चिमटा, तार आणि एखादा रविवार एवढ्याने काम भागते. दुर्दैवाने बहुतेक ग्राहक नेमके उलट्या क्रमाने पाहतात. दांडे मोजतात आणि लांबी मोजायची विसरतात.

आधी बॉक्सएन, कारण आपल्याकडे कोळसा आणि खनिज यांची वाहतूक म्हटले की डोळ्यांसमोर हीच उघडी, उंच बाजूंची वाघीण येते. खऱ्या बॉक्सएनची लांबी हेडस्टॉकपासून हेडस्टॉकपर्यंत, म्हणजे चौकटीच्या एका टोकाच्या तुळईपासून दुसऱ्या टोकाच्या तुळईपर्यंत, ९७८४ मिलिमीटर, कपलर (दोन वाघिणी जोडणारे आकडे) धरून १०७१३, रुंदी ३२०० आणि रुळापासून उंची ३२३३ मिलिमीटर आहे. ८७ ने भागले की मॉडेलसाठी अनुक्रमे ११२.५, १२३.१, ३६.८ आणि ३७.२ मिलिमीटर अशी मापे येतात. व्हर्नियर लावल्यावर हातातल्या वाघिणीची हेडस्टॉकची लांबी ११२.२ आणि रुंदी ३६.९ भरली, जी कोणत्याही किमतीत मान्य व्हावी. दोन बोगींच्या मध्यांमधले अंतर खऱ्या वाघिणीत ६५२४ मिलिमीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये ७५, आणि ते येथे अचूक ७५ आहे. ज्याने हे चित्र संगणकावर काढले त्याने मापे अंदाजाने घेतलेली नाहीत, आरेखन समोर ठेवून काम केले आहे, हे या एका आकड्यावरूनच कळते. हातब्रेकचे चाकही अमेरिकन गोंडोलासारखे (उघड्या वाघिणीसारखे) टोकाला न लावता बाजूला, खालच्या चौकटीपाशी, जिथे असायला हवे तिथेच आहे.

उंची मात्र ३६.४ भरते, म्हणजे जवळजवळ पाऊण मिलिमीटर कमी. त्याचे मुख्य कारण पेटीत नसून चाकांत आहे. बॉक्सएनचे चाक १००० मिलिमीटर व्यासाचे, म्हणून मॉडेलमध्ये ते साडेअकरा मिलिमीटर हवे. निर्मात्याने वापरली आहेत ती साडेदहा मिलिमीटरची, म्हणजे अमेरिकन शंभर टनी वाघिणीच्या ३६ इंची चाकांची प्रतिकृती, कारण तयार चाकांत तीच सहज मिळतात. व्यासात एक मिलिमीटर गेला की वाघीण अर्धा मिलिमीटर खाली बसते, आणि मग कपलरही तेवढाच खाली येतो. दुसऱ्या कंपनीच्या वाघिणीला जोडताना हा अर्धा मिलिमीटर जाणवतो. वळणावर थोडा उंचसखल रूळ आला की कपलर एकमेकांतून निसटतात. बोगी आणि पेटी यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची चकती टाकली की कपलरची उंची जागेवर येते, पण बाजूने पाहिल्यावर चाक लहान दिसते ते दिसतेच.

बोगीची बाजू या निर्मात्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे योग्य होईल. बॉक्सएनखाली कॅसनब जातीची, ओतीव पोलादाची तीन तुकड्यांची बोगी असते : दोन बाजूच्या चौकटी आणि मध्ये आडवा बोल्स्टर. अमेरिकन मालवाघिणींच्या बोगीही याच घडणीच्या असल्यामुळे लांबून दोघींचा चेहरा सारखा दिसतो, आणि त्यामुळेच अनेक जण तयार अमेरिकन बोगी खाली बसवून मोकळे होतात. परंतु अमेरिकन शंभर टनी बोगीच्या दोन आसांमधले अंतर ५ फूट १० इंच, म्हणजे १७७८ मिलिमीटर, तर कॅसनबचे २००० मिलिमीटर असते. मॉडेलमध्ये हा फरक २०.४ विरुद्ध २३ असा पडतो. अडीच मिलिमीटर हा आकडा क्षुल्लक वाटेल; प्रत्यक्षात त्यामुळे वाघीण आखूड पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. आपल्या निर्मात्याने मात्र स्वतःची बोगी छापली आहे, तिचे माप २२.९ आहे, आणि चौकटीच्या खिडकीतला स्प्रिंगांचा झुबका नुसता रेघांनी न दाखवता प्रत्येक स्प्रिंग वेगळी उठावात दाखवली आहे. बेअरिंगच्या टोपणावरचे तीन बोल्टसुद्धा भिंगाखाली मोजता येतात.

एवढी सुंदर बोगी मग धावत का नाही, हे आणखी जवळून पाहिल्यावर कळते. आसाची टोकदार अणी थेट रेझिनच्या खड्ड्यात फिरते. अणी फिरण्यासाठीचे पितळी बुश (छोटी टोपी) दिलेले नाही. नवी असताना वाघीण अडखळते, आणि थोडी फिरवल्यावर खड्डा झिजून चाके सैल पडतात व डुलू लागतात. शंभर मिलिमीटरांत दोन मिलिमीटर चढ देऊन ठेवलेल्या रुळावर वाघीण आपोआप सुटली पाहिजे, ही साधी कसोटी या वाघिणीने पार केली नाही. पितळी बुश बसवल्यावर तीच वाघीण त्याच उतारावर विनासायास घसरत गेली. आठ बुशांचा खर्च वाघिणीच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि म्हणूनच ते न देण्याची ही काटकसर मला समजत नाही.

वजनाचे गणित उघड्या वाघिणीत नेहमीच अवघड असते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओ वाघिणीचे वजन १ औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस इतके असावे. सुमारे ४.४ इंचांच्या बॉक्सएनसाठी ते साधारण ९१ ग्रॅम येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमची बॉक्सएन ४६ ग्रॅम भरली. बंद वाघिणीत वजन लपवता येते, उघडीत कुठे लपवणार? उपाय एकच : ती भरलेली दाखवणे. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी तळाशी चिकटवून वर कोळशाचा चुरा पसरला की वजन होते आणि त्यासोबत दुसरा एक दोषही झाकला जातो. तो म्हणजे बाजूंची जाडी. मॉडेलची भिंत १.४ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे खऱ्या वाघिणीत बारा सेंटिमीटरचा पत्रा झाला. जुन्या कसबी साचेकारांप्रमाणे फक्त वरची कड आतून तासून पातळ केली असती तर रिकामी वाघीणही डोळ्यांना पटली असती.

गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराच्या, बाबतीत मात्र मी कोणाचेही गुण कापत नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिचे एचओ माप १९.३ येते, बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, जो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. त्यामुळे टोकाकडून पाहिल्यावर प्रत्येक भारतीय वाघीण थोडी अरुंद पावलांची दिसते. स्वतः रूळ टाकण्याची तयारी असलेल्या मोजक्या लोकांखेरीज सर्वांनी हे मान्य करून टाकले आहे.

आता अक्षरे आणि आकडे. माझ्या मते स्वस्त वाघिणींचे खरे पितळ येथेच उघडे पडते, आणि या निर्मात्याचेही पडले आहे. भारतीय वाघिणीवरचा अकरा आकड्यांचा क्रमांक ही शोभा नसून ती वाघिणीची पूर्ण ओळख असते. पहिले दोन आकडे प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार तिचा स्वतःचा अनुक्रम, आणि शेवटचा एक आकडा पडताळणीचा. उघड्या वाघिणींचे प्रकार-क्रमांक १० ते २९, बंद वाघिणींचे ३० ते ३९, टाकीच्या वाघिणींचे ४० ते ५४ या गटांत येतात. मालकांमध्ये ०१ म्हणजे मध्य रेल्वे, ०८ म्हणजे पश्चिम. आमच्या बॉक्सएनवर २२०१९८४०६७३ असे छापले आहे. २२ हा उघड्या वाघिणींच्या गटातला, ०१ मध्य रेल्वे, ९८ साल : येथपर्यंत सर्व सुरळीत आहे. पडताळणीचा आकडा काढण्याची रीत अशी की सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, तीत विषम स्थानांवरची बेरीज मिळवायची, आणि येणारी संख्या पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जेवढे कमी पडतात तेवढा तो आकडा. येथे सम स्थानांची बेरीज १८, तिची तिप्पट ५४, विषम स्थानांची बेरीज २१, एकूण ७५. म्हणजे शेवटचा आकडा ५ हवा, छापला आहे ३. हा दोष कोणाला दिसणार, असे कोणी म्हणेल. मलाही तो एकट्या बॉक्सएनवर फारसा खुपला नसता. पण हाच क्रमांक जसाच्या तसा बीसीएनवर आणि बीटीपीएनवरही आहे. पेट्रोल वाहणाऱ्या टाकीवर उघड्या वाघिणीचा प्रकार-क्रमांक पाहिल्यावर कळते, की निर्मात्याने आकडे वाचलेलेच नाहीत. त्याच्या लेखी ती नुसती नक्षी आहे. ज्या माणसाने बोगीचे मध्य ७५ मिलिमीटरवर अचूक आणले, त्याने हे करावे याचे वाईट वाटते.

घरच्या छपाईयंत्रात पांढरी शाई नसते, त्यामुळे पांढरी डेकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरे, स्वतः करणे जमत नाही आणि ग्राहकाला निर्मात्यावरच अवलंबून राहावे लागते, हे लक्षात घेतले तर हा दोष चाकांच्या दोषाहून मोठा ठरतो. शिवाय खऱ्या वाघिणीवर क्रमांकाखेरीज रिकामे वजन, वहनक्षमता, मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि परतीची तारीख हीदेखील रंगवलेली असते. कळंबोलीच्या मालधक्क्याजवळून जाणाऱ्या रस्त्यावरून किंवा दिवा स्थानकाच्या पुलावरून उभ्या रेककडे नजर टाकली तरी या पांढऱ्या चौकटी सहज दिसतात. मॉडेलवर त्या जागी तीन आडव्या रेघा आहेत. शंभर मिलिमीटर उंचीचे अक्षर एचओ मापात १.१५ मिलिमीटर उंच होते आणि तेवढे अक्षर चांगल्या डेकलवर स्वच्छ वाचता येते, त्यामुळे माप लहान असल्याची सबब येथे चालण्यासारखी नाही.

बीसीएनची गोष्ट थोडी गमतीची आहे. या बंद वाघिणीची हेडस्टॉकची लांबी १४५०० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १६६.७ असायला हवी होती, भरली १५५.३. पहिल्या नजरेला ही अकरा मिलिमीटरची घोडचूक वाटते. पण १३५२१ मिलिमीटर लांबीच्या बीसीएनएचे माप १५५.४ येते, आणि बाकीची ठेवणही तिच्याकडेच झुकते. निर्मात्याने बीसीएनएचे उत्तम मॉडेल बनवून त्यावर बीसीएन लिहिले आहे. एक अक्षर वाढवले की वाघीण खरी. याच्या उलट प्रकार त्याच्या विक्रीयादीत दिसतो : बॉक्सएनचीच पेटी रुपेरी रंगात बॉक्सएनएचएल म्हणून विकायला ठेवली आहे आणि लांबी दोन्हींची एकच दिली आहे. स्टेनलेस स्टीलची बॉक्सएनएचएल हेडस्टॉकपाशी १००३४ मिलिमीटर लांब असते, म्हणजे मॉडेल जवळजवळ तीन मिलिमीटर मोठे हवे. तेथे अक्षर बदलून काही साधणार नाही, म्हणून ती मी मागवली नाही.

बीटीपीएनची लांबी बरोबर आहे : हेडस्टॉकला ११४९१ मिलिमीटर, मॉडेलमध्ये १३२. पण गोल टाकी ही थ्रीडी छपाईची सत्त्वपरीक्षा असते. सपाट भिंतीवर थरांच्या रेघा दिसत नाहीत, वळणदार पाठीवर मात्र उजेड तिरपा पडला की त्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या उमटतात. बारीक पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंगवले तर त्या जातात, फक्त घासताना वरच्या कठड्याला धक्का लागता कामा नये, कारण तो ठिसूळ आहे. तसाही तो ०.८ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे खऱ्यात सत्तर मिलिमीटरचा नळ. मी तो काढून ०.३ मिलिमीटरची पितळी तार लावली.

या किमतीत परदेशी काय मिळते, ही तुलना केल्याखेरीज निवाडा पूर्ण होणार नाही. अ‍ॅक्युरेलसारख्या अमेरिकन कंपनीच्या साध्या जोडणी-संचांत शिड्या आणि दांडे पेटीबरोबरच ओतलेले असतात, तरीही साच्यातून निघालेल्या प्लास्टिकची सफाई छापील रेझिनला आजही गाठता येत नाही. मात्र तेथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. १९६६ नंतर अमेरिकेत बांधल्या जाणाऱ्या नव्या बॉक्सकारवर (बंद मालडब्यावर) छतावरची चालण्याची फळी बसवणे बंद झाले. त्यामुळे एखाद्या स्वस्त बॉक्सकारवर बांधणीचे साल १९७५ छापलेले असेल आणि छतावर फळीही असेल, तर जुन्या साच्यावर नवा रंग चढवला आहे असे खुशाल समजावे. ही युक्ती जगभर चालते. फरक इतकाच, की अमेरिकन वाघीण पडताळायला आपण छायाचित्रांवर विसंबतो, आणि आपली बॉक्सएन सकाळी लोकलच्या खिडकीतून समोर दिसते.

पूर्ण रेक करण्याचा मोह ज्यांना होतो त्यांच्यासाठी एक हिशेब देऊन ठेवतो. बॉक्सएनच्या रेकमध्ये ५८ वाघिणी असतात. मॉडेलमध्ये त्यांची लांबी इंजिन सोडून ७.१४ मीटर आणि किंमत २ लाख ३ हजार रुपये होते. दोन लाख एक वेळ उभे राहतील. सात मीटरची सलग भिंत ठाण्यात कुठून आणायची?

चार प्रकारांपैकी बॉक्सएन निःसंशय घ्यावी, बीसीएन अक्षर वाढवून घ्यावी, बीटीपीएन घासण्याचा उत्साह असेल तरच घ्यावी. ब्रेक व्हॅन घेऊ नये. तिच्या खिडक्या आरपार नसून काळ्या रंगाचे चौकोन आहेत, दोन्ही टोकांच्या सज्ज्यांचे कठडे पेटीतून निघतानाच तुटलेले होते, आणि चार चाकांपैकी एक रुळाला टेकत नाही. तक्रार कळवल्यावर निर्मात्याने कठडे पुन्हा छापून पाठवले, खिडक्यांबद्दल मौन पाळले. पुढची मागणी नोंदवताना मी वाघिणी चाकांविना मागितल्या, बोगीला पितळी बुश बसतील एवढे भोक ठेवायला सांगितले, आणि क्रमांक छापू नयेत, त्याऐवजी मी पडताळून पाठवलेल्या क्रमांकांची डेकल सुटी द्यावीत असे लिहिले. त्याने तिन्ही गोष्टी मान्य केल्या आणि चाकांचे तीनशे रुपये प्रत्येक वाघिणीमागे कमी केले.